जुन्या सायकलींचा जीर्णोद्धार

रत्नागिरीच्या आसपासच्या एखाद्या जुन्या घराच्या पडवींत, इरल्यांच्या आणि नारळाच्या सोडणांच्या ढिगाशेजारीं, कधीं कधीं एक सायकल भिंतीला टेकून उभी असलेली दिसते. चाकांतील हवा केव्हांच गेलेली असते; टायरांना भेगा पडलेल्या असतात; हँडलावरील चकाकी जाऊन तेथें तांबूस खपल्या धरलेल्या असतात. घरांतील वडीलधाऱ्या माणसाला ती सायकल कोणी घेतली आणि तिच्यावर बसून कोण कचेरींत जात असे, हें सारें ठाऊक असतें. तरुणांना मात्र तिची अडचण होते. अशा वेळीं भंगारवाला दारांत येतो, तिला कांट्याला लावतो, आणि वीस किलो लोखंडाचे पैसे मोजून निघून जातो. व्यवहार दोघांच्याहि दृष्टीनें चोख असतो. तथापि त्यांत एक अमोल वस्तु मातीमोलानें गेली असें वाटणारीं माणसें महाराष्ट्रांत आहेत आणि जगांतहि आहेत. जुन्या पोलादी सायकली शोधणें, गोळा करणें आणि पुन्हां चालत्या करणें हा छंद त्यांनीं मोठ्या निष्ठेनें जोपासला आहे. या छंदाचें मर्म काय, आणि समुद्रकांठीं तो करूं पाहणाऱ्याला कोणत्या शत्रूशीं झुंजावें लागतें, याचा विचार येथें कर्तव्य आहे.

या छंदांत मानाचें पान मिळतें तें इटलीच्या शर्यतींच्या सायकलींना. एदोआर्दो बियांकी यानें १८८५ सालीं मिलान शहरांत सायकलींचा उद्योग सुरू केला. त्याच्या सायकलींचा फिकट हिरवट-निळा रंग जाणकार आजहि दुरून ओळखतात. १९१९ सालीं आंजेलो लुइजी कोलंबो यानें त्याच शहरांत पोलादी नळ्यांचा कारखाना काढला, आणि ‘कोलंबस’ हें नांव पुढें चांगल्या सांगाड्याची खूणच होऊन बसलें. तुलियो काम्पान्योलो याची कथा तर या छंदांतील प्रत्येकाला पाठ असते. १९२७ सालच्या एका शर्यतींत, बर्फाळ घाटांत त्याचीं बोटें गारठलीं, चाक घट्ट धरणारी चाकी त्याला सुटेना, आणि शर्यत हातची गेली, असें सांगतात. १९३० सालीं त्यानें चाक एका खटक्यासरशीं मोकळें करणाऱ्या युक्तीचें पेटंट घेतलें आणि १९३३ सालीं विचेन्त्सा येथें आपला कारखाना काढला. १९४९ सालीं फाउस्तो कोप्पी यानें इटलीची आणि फ्रान्सची अशा दोन्ही महाशर्यती जिंकल्या, त्या बियांकीवर बसूनच.

या सायकलींचें सौंदर्य केवळ रंगांत नाहीं. तें त्यांच्या बांधणींत आहे. सांगाड्याच्या नळ्या एकमेकींना थेट जोडलेल्या नसतात. प्रत्येक सांध्यावर पोलादाची एक पोकळ खोबण असते. तिला कारागीर ‘लग’ म्हणतात. नळीचें टोंक त्या लगांत बसवावयाचें, सांधा तापवून लाल करावयाचा, आणि पितळेचा किंवा चांदीमिश्रित धातूचा डाक त्यांत वितळवून सोडावयाचा. लगाच्या कडा कानशीनें घासून नाजूक करण्यांत कारागिराचें कसब दिसून येतें. नळी दोन्ही टोंकांना जाड आणि मध्यें पातळ असते. कोलंबसच्या शर्यतींसाठीं केलेल्या एका प्रसिद्ध प्रकारांत वरच्या नळीची जाडी टोंकांशीं ०.९ मिलिमीटर आणि मध्यें अवघी ०.६ मिलिमीटर असे. म्हणूनच अशी पुरी सायकल दहा किलोंच्या आसपास भरते. साध्या सायकलीचें वजन त्याच्या दुप्पट असतें. शिवाय जो डाक उष्णतेनें बसला तो उष्णतेनें सुटतोहि. वाकलेली नळी काढून तिच्या जागीं दुसरी घालतां येते. पोलादी सायकल दुरुस्त होण्यासाठींच बांधलेली असते, असें म्हटल्यास अतिशयोक्ति होणार नाहीं.

विसाव्या शतकाच्या अखेरीस ॲल्युमिनियम आणि कार्बन यांचे हलके सांगाडे आले, आणि शर्यतींच्या रस्त्यावरून पोलाद मागें हटलें. परंतु तें विसरलें गेलें नाहीं. १९९७ सालीं टस्कनी प्रांतांतील गायोले या गांवीं ‘एरोइका’ नांवाची सायकलफेरी सुरू झाली. १९८७ पूर्वीं बांधलेल्या शर्यतींच्या सायकलींवरच पांढऱ्या मातीच्या रस्त्यांवरून धावावयाचें, असा तिचा दंडक. त्या फेरीनें जगभरच्या माळ्यांवरच्या आणि तळघरांतल्या सायकली पुन्हां उजेडांत आणल्या.

महाराष्ट्राला हें वेड परकें नाहीं. सायकलींचें शहर अशी पुण्याची ख्याति होतीच. आणि मुंबईहून पुण्याला जाणाऱ्या सायकल-शर्यतींत बोरघाट प्रथम चढून जाणाऱ्या स्वाराला ‘घाटांचा राजा’ म्हणून गौरविण्याची प्रथा पडली. त्याच पुण्यांत, कर्वेनगर भागांत, विक्रम पेंडसे यांनीं अनेक वर्षें जमविलेल्या जुन्या सायकलींचें संग्रहालय २०१७ सालीं उघडलें. दुसऱ्या महायुद्धांत हवाई छत्रीनें उतरणाऱ्या सैनिकांसाठीं इंग्लंडांतील बी. एस. ए. कंपनीनें केलेली घडीची सायकल या संग्रहांतील एक प्रसिद्ध वस्तु होय. पुण्याची कोरडी हवा अशा संग्रहाला पुष्कळ अनुकूल आहे. रत्नागिरीची गोष्ट वेगळी.

रत्नागिरीच्या पडवींत इटालियन सायकल सांपडण्याचा संभव थोडा. तेथें सांपडते ती नॉटिंगहॅमची रॅले किंवा बर्मिंगहॅमची एखादी सायकल. नाहीं तर मुंबईची हिंद, असनसोलची सेन-रॅले, मद्रासची हर्क्युलिस अशी देशी बनावटीची. १९९८ सालीं कोंकण रेल्वे पुरी होईपर्यंत जड माल या भागांत यावयाचा तो आगबोटीनें किंवा घाटरस्त्यानें. त्या वाटेनें आलेली सायकल घराला मोलाची वाटत असे. इटालियन सायकल आतां येते ती संग्राहकाच्या हौसेनें, दूरच्या शहरांतून किंवा परदेशांतून. परंतु दोघींचें पोलाद सारखेंच नियम पाळतें, आणि येथील हवा दोघींशीं सारखीच निर्दयपणें वागते. वर्षाकांठीं तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस, आणि बाराहि महिने खारा वारा! हवेंतील मिठाचे सूक्ष्म कण पोलादावर बसतात, ओलावा ओढून घेतात, आणि त्या खारट ओलाव्यांत गंज झपाट्यानें पसरतो. साध्या सायकलीची जाड नळी हा मारा वर्षानुवर्षें सोसते. अर्ध्या मिलिमीटराच्या शर्यती नळीला तेवढें आयुष्य नसतें. मांडवीच्या धक्क्याजवळ किंवा मिऱ्याच्या बाजूला राहणाऱ्या संग्राहकाच्या दृष्टीनें प्रत्येक पावसाळा ही एक परीक्षाच असते.

खरा गंज डोळ्यांना दिसत नाहीं; तो आंतून लागतो. सीटच्या दांड्याच्या फटींतून पाणी उभ्या नळींत उतरतें आणि सर्वांत खालीं, पेडलांचा आस जेथें फिरतो त्या आडव्या नळींत सांचतें. बाहेरचा रंग शाबूत, आणि आंत पोलादाचा भुगा, अशी फसगत पुष्कळांची झाली आहे. म्हणून जाणकार सायकल विकत घेण्यापूर्वीं सांगाडा उलटा करून ठोठावतो. आंतून तांबडी पूड पडली, किंवा नखानें टिचकी मारतां एखाद्या ठिकाणीं बद्द आवाज आला, तर सावध व्हावें. मग तो एक दोरा घेतो. मागच्या चाकाच्या एका खाचेपासून दोरा पुढच्या टोंकाला वळसा घालून दुसऱ्या खाचेपर्यंत ताणतो, आणि उभ्या नळीपासून दोन्ही बाजूंचें अंतर मोजतो. अंतर सारखें भरलें तर सांगाडा सरळ. हजारों रुपयांच्या खरेदीचा निकाल हा दोन पैशांचा दोरा देतो.

सुटे भाग काढतांना तर धीराची कसोटीच लागते. इंग्लिश सायकलीच्या पेडलांच्या आसाचा उजवा कप उलट्या आट्यांचा असतो, हें कोणत्याहि सायकल-मिस्त्रीला ठाऊक असतें. तो काढावयाचा तर उजवीकडे फिरवावा लागतो. इटालियन सायकलीचे मात्र दोन्ही कप सुलट आट्यांचे. हातांत मुरलेल्या संवयीनें मिस्त्री इटालियन कप उजवीकडे फिरवूं लागतो. तो सुटण्याऐवजीं अधिकच आवळतो. मग पान्याला लांब नळी लावून जोर केला जातो, आणि आटे कायमचे बिघडतात. हें नुकसान लहान नव्हे. इंग्लिश आटे बिघडले तर ते कापून मोठ्या इटालियन मापाचे, म्हणजे ३६ मिलिमीटरांचे, करतां येतात; परंतु इटालियन आटे बिघडले तर त्यांहून मोठें असें रूढ माप सहसा हाताशीं नसतें. जो मिस्त्री फिरविण्याआधीं थांबतो आणि पाहतो, तोच खरा मिस्त्री.

दुसरा पेंच ॲल्युमिनियमचा. हँडलाचा दांडा ॲल्युमिनियमचा आणि सांगाडा पोलादाचा असला, आणि दोहोंमध्यें खारें पाणी शिरलें, म्हणजे ते दोन धातु एकमेकांना असे चिकटतात कीं जणुं एकत्र ओतले आहेत. तेथें हातोडी कामाची नाहीं. पातळ तेल सोडावें, दोन दिवस थांबावें, पुन्हां तेल सोडावें. आठ दिवसांनीं जो दांडा सुटतो, तो पहिल्याच दिवशीं जोर केल्यास मोडला असता.

गंज काढण्याची विद्या कोंकणांतील गृहिणीला नवीन नाहीं. तांब्याचीं भांडीं ती आमसुलानें किंवा चिंचेनें उजळते. आम्लानें कीट विरघळतें, हें त्यांतील तत्त्व. संग्राहक तेंच काम ऑक्झॅलिक आम्लाच्या सौम्य पाण्यानें करतो. गंज विरघळतो, आणि मूळचा रंग बहुधा टिकतो. तरीहि आधीं एखाद्या झांकलेल्या कोपऱ्यावर परीक्षा घेणें बरें. हें आम्ल विषारी आहे. हातमोजे घातल्यावांचून त्याला शिवूं नये. काम झाल्यावर सांगाडा सोड्याच्या पाण्यानें धुऊन, उन्हांत पूर्ण वाळवून, नळ्यांच्या आंतून जवसाचें तेल फिरविलें म्हणजे आंतल्या पोलादावर पातळ कवच धरतें. रत्नागिरींत हें काम पावसाळ्यापूर्वीं, मे महिन्याच्या कडक उन्हांत उरकलेलें बरें.

एवढें झाल्यावर खरा प्रश्न उभा राहतो, आणि तेथें संग्राहकांत दोन पक्ष पडतात. एक पक्ष म्हणतो, सांगाडा खरवडून पुन्हां नवा रंग द्यावा, क्रोमचा मुलामा चढवावा, आणि सायकल कारखान्यांतून निघाली त्या दिवशीं होती तशी करावी. दुसरा पक्ष म्हणतो, रंग उडालेला असला तरी तो राहूं द्यावा; गंज थांबवावा, खुणा पुसूं नयेत. पहिल्या पक्षाची बाजू दुबळी नाहीं. समुद्रकांठीं उघडें पोलाद ठेवणें म्हणजे त्याला मरणाच्या दारीं बसविणें होय. जेथें रंगाखालीं गंज खोल गेला आहे तेथें खरवडण्यावांचून गत्यंतर नसतें. परंतु नवा रंग कितीहि वेळां देतां येतो. जुना रंग एकदांच असतो. हँडलापाशीं साखळीच्या कुलुपानें घासून पडलेला पट्टा, कारखान्याच्या नांवाचीं अर्धवट उरलेलीं अक्षरें, गांवच्या मिस्त्रीनें लावलेला ओबडधोबड डाक, हा त्या सायकलीचा इतिहास आहे. तो पुसला कीं उरते ती केवळ एक चकचकीत वस्तु, आणि तशी वस्तु बाजारांत पुष्कळ मिळते. म्हणून शहाणा संग्राहक प्रत्येक डागापुढें एकच प्रश्न विचारतो: हा डाग सायकलीला खातो आहे, कीं तिच्याविषयीं कांहीं सांगतो आहे? खाणारा असेल तर काढावा. सांगणारा असेल तर तेल लावून जपावा. जीर्णोद्धाराचें सारें शास्त्र या एका विवेकांत सामावलेलें आहे.

आणि शेवटीं सायकल ही चालण्यासाठींच असते. कांचेआड ठेवलेली सायकल पाहून कौतुक वाटतें. परंतु तिचे छर्रे फिरत राहिले, साखळीला तेल मिळत राहिलें, आणि स्वारी झाल्यावर कोणी तिला कोरड्या फडक्यानें पुसत राहिलें, तरच तिला दीर्घायुष्य लाभतें. भाट्याच्या पुलावरून सकाळच्या वेळीं अशी एखादी सायकल खाडी ओलांडून जातांना दिसली, तर तिची चकाकी पाहूं नये, तिचा आवाज ऐकावा. नीट बसविलेल्या जुन्या चाकाला आवाज जवळजवळ नसतोच. श्रोत्यांपैकीं ज्यांच्या पडवींत अशी सायकल उभी असेल, त्यांनीं भंगारवाल्याला हांक मारण्यापूर्वीं एवढेंच करावें: तिच्या नळीवरची धूळ ओल्या बोटानें पुसावी, आणि खालीं कोणतें नांव निघतें तें वाचावें; मग घरांतल्या वडिलधाऱ्यांना ती कोणाची, हें विचारावें. त्यानंतरहि ती विकावीशी वाटली तर खुशाल विकावी. परंतु ती नुसत्या वजनानें विकावी असें मग बहुधा कोणालाच वाटणार नाहीं.