गर्भवतीचे मन आणि आपले घर
(सुवर्ण महोत्सवानिमित्त झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



गुरुकुंज मोझरीच्या या पुण्यभूमीत स्त्रीच्या सुखदुःखाचा विचार नवा नाही. वंदनीय राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी ग्रामगीतेत महिलोन्नतीला स्वतंत्र अध्याय दिला आहे. तरीही घरात सून अथवा लेक गर्भवती असली, म्हणजे चर्चा वजन, रक्त, सोनोग्राफी आणि आहार येथवरच येऊन थांबते. तिच्या मनाची विचारपूस क्वचितच होते.

सातव्या महिन्यात घरोघरी डोहाळजेवण होते. कोणाकडे त्यास गोदभराई म्हणतात. हिरवी साडी, हिरवा चुडा, फुलांची वाडी, पक्वान्ने. हौसेला मोल नसते. साडीचा पोत, रंग, काठ दहादा पारखून घेतला जातो. मात्र ती साडी नेसून पाटावर बसलेली सून महिनाभर धड झोपलेली नाही, हे कोणाच्या ध्यानी येत नाही. पुढे दोन वाट्या झाकून ठेवतात. पेढा निघाला तर मुलगा, बर्फी निघाली तर मुलगी. खेळ गमतीचा खरा. पण जिला आधीच एक किंवा दोन कन्या आहेत, तिचा हात त्या वाटीवर ठेवताना का थरथरतो, हे हसणाऱ्यांपैकी किती जणांना उमगते?

ही केवळ भावनेची गोष्ट नव्हे. गोव्यातील एका जिल्हा रुग्णालयात डॉ. विक्रम पटेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी 270 गर्भवती मातांना शेवटच्या तिमाहीपासून अभ्यासात सामावून घेतले. हा अभ्यास 2002 साली प्रसिद्ध झाला. प्रसूतीनंतर सहा ते आठ आठवड्यांनी 23 टक्के मातांमध्ये नैराश्य आढळले आणि त्यांपैकी निम्म्याहून अधिक माता सहा महिन्यांनीही आजारीच होत्या. सर्वांत बोलका निष्कर्ष असा, की नैराश्य आलेल्या मातांपैकी 78 टक्के जणींचे मनःस्वास्थ्य गरोदरपणातच लक्षणीयरीत्या बिघडलेले होते. म्हणजे ज्या दुखण्यास लोक बाळंतपणानंतरचे समजतात, त्याचे बीज बहुधा आधीच पडलेले असते. तेव्हाच ते कोणी पाहिले असते, तर?

त्याची कारणे कोणती? या अभ्यासात आर्थिक ओढाताण आणि पतीशी बिघडलेले संबंध ही ठळकपणे पुढे आली. बाळ मुलगा आहे की मुलगी, यावरही नैराश्याचा संभव अवलंबून होता. पतीकडून होणारी मारहाण आणि पोटाची उपासमार यांचा परिणामसुद्धा त्यानुसार कमी-अधिक होत होता. यांतील एकही कारण त्या स्त्रीच्या दुबळ्या मनात नाही. ती सारी घरात आहेत. वऱ्हाडातील चित्र याहून निराळे असेल, असे मानण्यास आधार नाही. कपाशी हातची गेली, कर्ज थकले, दुकानाची उधारी अडकली, की पुरुषाचा त्रागा पहिल्यांदा घरातील स्त्रीवरच निघतो. ती गर्भवती आहे, याचे भान त्या वेळी राहत नाही.

मुलगा किंवा मुलगी होणे हे पित्याकडून येणाऱ्या बीजावर ठरते, हे आता शाळेतील पुस्तकातही आहे. गर्भलिंग तपासणीला आळा घालणारा कायदा महाराष्ट्राने देशात सर्वप्रथम, 1988 साली केला. त्यानंतर 1994 साली केंद्राचा कायदा आला. कायद्याने तपासणी रोखता येते. मात्र सासूबाईंच्या अपेक्षेने भरलेल्या नजरेवर कोणताही कायदा चालत नाही.

याशिवाय काही कारणे शरीराची व पूर्वायुष्याची असतात. पूर्वी गर्भपात झालेला असणे, पूर्वी नैराश्य येऊन गेलेले असणे, अशी ती कारणे होत. थायरॉईडचा विकार किंवा रक्तक्षय असल्यास थकवा आणि उदासी वाढते, म्हणून त्यांची तपासणी आवश्यक ठरते. मनाच्या आजाराची औषधे चालू असलेल्या स्त्रीने दिवस राहिल्याचे कळताच ती परस्पर बंद करू नयेत. काही औषधे गर्भास घातक असतात, काही देता येतात. हा निर्णय डॉक्टरांचा आहे, शेजारणीचा नव्हे.

ओळखावे कसे, ही खरी अडचण आहे. झोप न लागणे, अन्नावरची वासना उडणे, थकवा ही गरोदरपणाचीही लक्षणे असल्याने ती सहज दुर्लक्षिली जातात. परंतु उदासी दोन आठवड्यांहून अधिक टिकली, आवडीच्या कामातही मन रमेना, पोटातील बाळाविषयी काहीच वाटेना, किंवा जगणे नकोसे झाल्याचे शब्द तिच्या तोंडी आले, तर थांबू नये. प्रसूतीनंतर पहिले काही दिवस डोळे भरून येणे सामान्य आहे व ते दोन आठवड्यांत ओसरते. मात्र एखादी बाळंतीण असंबद्ध बोलू लागली, तिला भास होऊ लागले, तर तिला त्याच दिवशी रुग्णालयात न्यावे. हा आजार हजारात एक-दोघींना होतो. त्याला बाहेरची बाधा समजून अंगारे-धुपारे करण्यात मोलाचे तास वाया जातात.

गोव्यातच पुढे आणखी एक प्रयोग झाला. नैराश्य असलेल्या 280 गर्भवतींपैकी निम्म्या जणींच्या घरी गावातीलच, स्वतः आई झालेल्या स्त्रिया प्रशिक्षण घेऊन नियमित जात राहिल्या. 2019 मध्ये त्याचे निष्कर्ष आले. लक्षणांच्या तीव्रतेत सरासरी मोठा फरक पडला नाही, हेही सांगितले पाहिजे. पण प्रसूतीनंतर सहा महिन्यांनी पूर्ण बऱ्या झालेल्यांचे प्रमाण या मातांत अधिक होते. या भेट देणाऱ्या स्त्रिया डॉक्टर नव्हत्या. आपल्या महिला मंडळास हे अशक्य आहे काय?

सरकारी दवाखान्यांत दर महिन्याच्या 9 तारखेस गर्भवतींची विनामूल्य तपासणी होते. तेथे रक्तदाबाबरोबर मनाची गोष्टही सांगावी. सोबत सासूपेक्षा पती गेला तर अधिक बरे. टेली-मानस या सेवेचा 14416 हा क्रमांक विनामूल्य आहे, रात्रंदिवस चालतो आणि मराठीतही बोलता येते.

उपचाराला गेले तर बाळ हिरावून घेतील, या भीतीने कित्येक माता गप्प राहतात. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार उपचारासाठी दाखल झालेल्या आईपासून तीन वर्षांखालील मूल सर्वसाधारणपणे वेगळे करता येत नाही. मुलाला धोका असल्याचे डॉक्टरांचे मत झाले तरच तात्पुरते वेगळे ठेवतात, आणि तेव्हाही आईला त्याला देखरेखीखाली भेटता येते. त्या निर्णयाचा दर पंधरा दिवसांनी फेरविचार करावा लागतो.