प्रकाश आणि प्लास्टिक : एका प्रतीची कथा



विजेच्या तारेवर प्लास्टिकचे वेष्टण असते, कारण प्लास्टिकमधून वीज वाहत नाही. प्लास्टिक हा बहुवारिक; लहान रेणू एकमेकांना जोडून झालेली लांबलचक साखळी. तिच्यातील इलेक्ट्रॉन आपापल्या जागी जखडलेले असतात. असा पदार्थ केवळ प्रकाश पडताच वीजवाहक व्हावा, हे नवल खरे. तथापि ग्रंथालयाच्या सभासदांनी या नवलाचे फळ कितीदा तरी हाताळले आहे. झेरॉक्स प्रत ती हीच!

या प्रतीचा उगमही ग्रंथालयाशी निगडित आहे. न्यूयॉर्कमध्ये नोकरी सांभाळून कायद्याचा अभ्यास करणाऱ्या चेस्टर कार्लसन यांना ग्रंथ विकत घेणे परवडत नसे. ग्रंथालयात बसून उतारेच्या उतारे ते हाताने उतरवीत. त्या कष्टातूनच प्रतयंत्राची कल्पना सुचली, आणि तिचे शास्त्रही त्यांनी न्यूयॉर्क सार्वजनिक ग्रंथालयातच धुंडाळले. २२ ऑक्टोबर १९३८ रोजी गंधकाचा लेप दिलेल्या जस्ताच्या पत्र्यावर पहिली प्रत उमटली. पुढे गंधकाची जागा सेलेनियमने घेतली. १९५९ सालचे सुप्रसिद्ध यंत्र सेलेनियमचेच. १९७० मध्ये आयबीएम कंपनीने आपल्या यंत्रात प्रथमच पॉलिव्हिनिल कार्बाझोल हा बहुवारिक योजला.

याच्या साखळीला, वेलीला पाने असावीत तशी, कार्बाझोलची वलये लगडलेली असतात. एकटा असताना तो मुख्यतः अतिनील किरणांनाच दाद देतो. म्हणून त्यात ट्रायनायट्रोफ्लुओरेनोन हा इलेक्ट्रॉनांचा हावरा पदार्थ मिसळला. मग साध्या दृश्य प्रकाशानेही वलयातील इलेक्ट्रॉन त्या सोबत्याकडे जातो आणि मागे उरलेली रिकामी जागा या वलयावरून त्या वलयावर उड्या घेत पुढे सरकते. तांब्यातला मोकळा प्रवाह हा नव्हे. पण यंत्राचे काम तेवढ्यावर भागते.

प्रथम अंधारात या थरावर विद्युत्भार चढवितात. मग पुस्तकाच्या पानावर दिवा फिरतो. कोऱ्या कागदावरून परावर्तित झालेला प्रकाश थरावर जिथे पडतो, तिथे थर वाहक होऊन भार खालच्या धातूत निघून जातो. अक्षर काळे, तिथून प्रकाश येत नाही. तिथला भार तसाच राहतो आणि शाईच्या भुकटीला ओढून घेतो. म्हणजे अक्षर उमटते ते प्रकाश न पोहोचलेल्या जागी! दिवा सरताच थर पुन्हा रोधक होतो. हे विस्मरण अत्यावश्यकच. एरवी पुढचे पान टिपण्यापुरता भार त्या थरावर टिकलाच नसता.

प्रकाशाने लाभलेली वाहकता टिकवायची कशी, हा प्रश्न निराळा. पॉलिॲसिटिलीनला आयोडीनची जोड देऊन टिकाऊ वाहकता साधल्याचे शिराकावा, मॅकडायर्मिड व हीगर यांनी १९७७ मध्ये दाखविले. २००० सालचे रसायनशास्त्राचे नोबेल त्यांना लाभले. त्यात प्रकाशाचा भाग नव्हता, रसायनाचा होता. २०२४ मध्ये स्वीडनच्या लिंशोपिंग विद्यापीठातील संशोधकांनी दोहोंची सांगड घातली. वाहक जातीच्या बहुवारिकाचा पातळ पापुद्रा उत्प्रेरकाच्या द्रावणात ठेवून त्यावर प्रकाश सोडला. इलेक्ट्रॉन काढून घेण्याचे काम हवेतल्या प्राणवायूने केले. दिवा मालवल्यावरही त्या पापुद्र्याची वाहकता कायम राहिली.