पाहुण्यांच्या बाजूचा प्रेक्षक

पिंपळे सौदागरहून गहुंजेचं मैदान फार लांब नाही. रावेत, किवळे मागे टाकलं की आलंच. 19 ऑक्टोबर 2023 रोजी तिथे विश्वचषकात भारत-बांगलादेश सामना झाला. विराट कोहलीने षटकार ठोकून शतकही गाठलं आणि सामनाही संपवला. आपण 7 गडी राखून जिंकलो. आणि त्याच दिवशी बांगलादेशच्या एका समर्थकाचा कापडी वाघ आपल्याकडच्या काही टवाळांनी फाडून टाकला. हे जिंकल्यावर! हरलो असतो तर काय केलं असतं, देव जाणे.

‘ते पोलीस बघतील, संघाचा काय संबंध?’ असं म्हणणारे पुष्कळ भेटतात. मला ते पटत नाही. गर्दी पोलिसाला टरकते, पण ऐकते खेळाडूचं. 2019च्या विश्वचषकात ओव्हलवर आपले प्रेक्षक स्टीव्ह स्मिथची हुर्यो उडवत होते. कोहलीने त्यांच्याकडे वळून खूण केली, टाळ्या वाजवा म्हणून. पुढे स्मिथची माफीही मागितली. प्रेक्षक आपले, तर जबाबदारीही आपली, एवढा साधा हिशोब.

तक्रार पाहुण्यांची असली तर काय करावं, हे पाहायला जानेवारी 2021च्या सिडनी कसोटीकडे जावं लागेल. सीमारेषेजवळ उभ्या मोहम्मद सिराजला प्रेक्षकांतून वर्णावरून शिवीगाळ झाली. कर्णधार होता अजिंक्य रहाणे, आपला डोंबिवलीचा. ‘जाऊ दे, लक्ष देऊ नकोस’ असं म्हणून त्याने विषय गुंडाळला नाही. थेट पंचांकडे गेला. मैदान सोडायचा पर्याय पुढे आला, तो मात्र नाकारला. आम्ही खेळायला आलोय, त्रास देणाऱ्यांना बाहेर काढा, ही त्याची भूमिका. खेळ थांबला, 6 जणांना बाहेर काढलं, ऑस्ट्रेलियाच्या मंडळाने माफी मागितली.

आता गंमत बघा. मंडळाच्या चौकशीत शिवीगाळ झाली हे खरं ठरलं, पण ती त्या 6 जणांनी केलेली नव्हती, असंही निघालं. खेळ ताबडतोब थांबवणं योग्यच होतं. दोषी कोण, हे मात्र घाईघाईत ठरवायचं नसतं.

आपल्या सोसायट्यांच्या टेनिस बॉल स्पर्धांना हे सगळं लागू पडतं बरं का. रहाटणीचा, वाकडचा संघ येतो, सोबत त्यांची पोरं येतात. वाइडवरून कुरबुर होते, मग ‘तुमच्या एरियात जाऊन ओरडा’ इथवर मजल जाते. अशा वेळी दोन्हीकडची मोठी माणसं आपापल्या पोरांच्या पाठीशी उभी राहतात, तिथेच चुकतं. यजमान कर्णधाराने चेंडू हातात घेऊन खेळ थांबवावा आणि आधी आपल्या पोरांना गप्प बसवावं. पाहुण्यांनी तक्रार कोणाकडे न्यायची, त्या माणसाचं नाव नाणेफेकीच्या आधीच माइकवरून सांगून टाकावं. आणि तो माणूस यजमानांच्याच संघातला असावा.