कामट्या, खळ आणि चांदणी

डिसेंबर लागला की आमच्या वसईच्या बाजारात प्लास्टिकच्या चांदण्या लटकू लागतात. घडी उघडायची, आत दिवा सोडायचा, झाले. माझा त्यांच्यावर राग नाही. ज्या घरातली दोन्ही माणसे सकाळच्या लोकलला लोंबकळत मुंबई गाठतात, त्यांनी कामट्या तासायच्या तरी कधी? पण घरात मुले असतील तर एखादी चांदणी हाताने करावी, असे मी दरवर्षी सांगत असतो.

मी मुसलमान, कविता मराठीत लिहितो आणि नाताळच्या चांदणीवर बोलतो, याचे काहींना नवल वाटते. ज्याने लहानपणी मोहरमच्या ताबुतासाठी कामट्या बांधल्या आणि कागद चिकटवले, त्याला दिवाळीचा आकाशकंदील काय आणि नाताळची चांदणी काय, दोन्ही ओळखीचीच. सामान तेच, गाठही तीच.

कृती सांगतो. सारख्या लांबीच्या दहा कामट्या घ्या, दोन-दोन फुटांच्या. पाच कामट्यांची एक चांदणी होते. मुले पेन्सिल न उचलता वहीत काढतात ना, अगदी तशी. टोके आणि कामट्या एकमेकींना छेदतात त्या जागा दोऱ्याने आवळायच्या. अशा दोन चांदण्या करून एकीवर एक ठेवायच्या आणि फक्त पाच टोके एकत्र बांधायची. आता आतल्या पाच कोनांत चार-चार इंचांचे बांबूचे तुकडे आडवे अडकवायचे. इतका वेळ चपटी असलेली ती चांदणी एकदम पोट धरते. हे काम मोठ्यांनी करू नये, मुलांकडेच ठेवावे. जर्मनीतल्या नीस्की गावच्या मोराव्हियन वसतिशाळेत एकोणिसाव्या शतकात मुले भूमितीच्या तासाला कागदी तारे करीत, ते उगाच नव्हे. कोन म्हणजे काय, हे अशा वेळी बोटांना कळते.

खळ मैद्याची, घरीच शिजवलेली. पूर्वी कीड लागू नये म्हणून तीत मोरचूद टाकत. ते विषारी असते. मुलांच्या हाती खळ द्यायची तर टाकू नका. पतंगी कागद चिकटवताना मागची एक पाकळी उघडी ठेवा, दिवा तिथून आत जातो. दिवा एलईडीचा घ्यावा, तो फारसा तापत नाही. मेणबत्ती मात्र मुळीच नको.

चांदणी दारावर गेली की अंगणात गोठ्याची तयारी. इटलीतल्या ग्रेचो गावी संत फ्रान्सिस यांनी 1223 साली गव्हाण, गवत, एक बैल आणि एक गाढव आणून येशूजन्माचा देखावा उभा केला. आमच्याकडे या गोठ्याला गोणपाटाचे डोंगर लागतात. गोणपाट मातीच्या पातळ चिखलात बुडवून दगडांवर पसरायचे. वाळले की डोंगर. शेतांसाठी दहा-बारा दिवस आधी डब्यांच्या झाकणांत गहू किंवा नाचणी पेरतात. पाणी घालणे मुलांकडे. चोवीस तारखेपर्यंत बोटभर हिरवे कोंब येतात. एखादे झाकण कोरडे राहिले तर गोठ्यात तेवढे शेत करपलेले दिसते! गव्हाण त्या रात्रीपर्यंत रिकामीच असते. काही कॅथलिक घरांत मुलाने एक चांगले काम केले की गव्हाणीत गवताची एक काडी टाकायची पद्धत आहे. बाळाचे अंथरूण मुलांनीच भरायचे.

आमच्या शेजारच्या काकूंच्या अंगणात माझी आठ वर्षांची नात दरवर्षी या कामाला असते. मागच्या वर्षी डोंगराला चिखल फासता फासता तिने विचारले, "नाना, हे बाळ आपलं की त्यांचं?"

प्रश्न सोपा नाही. येशूला आम्ही देवाचा पुत्र मानत नाही; हजरत ईसा आमचे पैगंबर. शेजारी ज्याला नमन करतात, त्याच्याविषयीचा हा फरक मी तिच्यापासून लपवला नाही. पण कुराणात मरियमच्या नावाचा सबंध सूरा आहे, हेही सांगितले. तिथे गोठा नाही, चांदणीही नाही. एकटी मरियम प्रसूतीच्या वेदनांनी खजुराच्या बुंध्याशी येते. तिला सांगितले जाते, दुःख करू नकोस, तुझ्या पायाशी झरा आहे. बुंधा हलव, पिकलेला खजूर पडेल.

नात हात धुऊन घरी गेली आणि वर्तमानपत्राची सुरळी घेऊन बसली. सुरळीला तपकिरी कागद, वर हिरव्या घोटीव कागदाच्या कातरलेल्या झावळ्या, खाली लोंबणारे लाल मणी. झाड गोठ्याच्या छपरापेक्षा हातभर उंच झाले. मापात काही बसेना. काकू काय म्हणतील, ही धाकधूक मला होती, तिला नव्हती.

काकूंनी चष्मा लावून झाड पाहिले, गोष्ट ऐकली. "मग झरा कुठाय?" त्यांनी विचारले. चॉकलेटच्या चंदेरी कागदाचा झरा झाला. कललेल्या बुंध्याला त्यांनी कामटीचा टेकू दिला.

तीन राजांच्या सणापर्यंत, म्हणजे 6 जानेवारीपर्यंत, झाड तसेच उभे होते. नंतर गव्हाचे कोंब शेळीला गेले, मूर्ती कापसात गुंडाळून पेटीत गेल्या. झाड काही पेटीत मावेना. काकूंनी झावळ्या आणि बुंधा वेगळे केले, लाल मणी डबीत भरले आणि सगळे मूर्तींशेजारी ठेवून दिले.