पीटभूमी : पाण्याने राखलेली ठेव

(संस्थेच्या वार्षिक समारंभात दिलेले व्याख्यान)





मोठ्या मुस्लिम लोकसंख्येचे राष्ट्र म्हणून इंडोनेशियाचे नाव आपण नेहमी ऐकतो. तेथील एका विलक्षण जमिनीविषयी मात्र आपल्याला क्वचितच कोणी सांगते. त्या जमिनीची कथा आज मी आपल्यापुढे ठेवणार आहे.

बोर्निओ बेटाच्या इंडोनेशियन भागास कालिमंतान म्हणतात. त्याच्या सखल प्रदेशात पीटची अरण्ये आहेत. पीट म्हणजे काय? आपल्याकडे झाडाखालचा पाचोळा कुजून त्याची माती होते. कालिमंतानच्या या अरण्यांत जमीन बहुतेक वर्षभर पाण्याने तुडुंब असते. त्या पाण्याखाली प्राणवायू पुरेसा पोचत नाही. म्हणून पाने, मुळे, लाकूड पुरते कुजत नाही. वर्षाला एक-दोन मिलिमीटर या गतीने थर साचतो. हजारो वर्षांत काही ठिकाणी तो १० मीटरांहूनही जाड झाला आहे.

दोन नद्यांच्या मधोमध हा थर जाड आणि काठांकडे पातळ असतो. जणू पालथी घातलेली अफाट बशी. मध्यभाग उंच असल्यामुळे तेथे नदीचा गाळ पोचत नाही. वनस्पतींना बहुतांशी पावसावरच विसंबावे लागते, आणि पावसाच्या पाण्यात क्षार अत्यल्प. शिवाय अर्धवट कुजलेल्या पाल्यातून आम्ले उतरतात. पाणी कोऱ्या चहासारखे काळसर दिसते आणि त्याचा पीएच ३ ते ४ च्या आसपास असतो. शुद्ध पाण्याचा पीएच ७ असतो आणि एकेक अंक खाली जाताना आम्लता दसपट वाढते, हे विज्ञानाच्या विद्यार्थ्यांना सांगायला नको.

अशा जमिनीतही अरण्य उभे राहते! काही झाडांची मुळे श्वासासाठी पाण्यावर डोके काढतात. घटपर्णी कीटक पकडून नायट्रोजनची उणीव भरून काढते. काठाजवळची झाडे उंच, तर मध्याकडे ती खुजी होत जातात.

१९९५ साली राष्ट्राध्यक्ष सुहार्तो यांच्या सरकारने येथे १० लाख हेक्टर भातशेतीची योजना आखली. हेतू वाईट नव्हता. देशाला तांदूळ हवा होता. ४,००० किलोमीटरहून अधिक लांबीचे कालवे खणले गेले. जावा बेटावरून शेतकरी कुटुंबे आणली गेली. परंतु कालव्यांनी पाणी वाहून गेले आणि पीट कोरडे पडले. आम्लधर्मी, निकस जमिनीत भात नीट आला नाही.

कोरडे पीट म्हणजे जळणच. १९९७ च्या अवर्षणात आग लागली. ती जमिनीच्या आत धुमसत राहिली आणि धूर मलेशिया-सिंगापूरपर्यंत गेला. त्या वर्षी इंडोनेशियाच्या पीट व वनांच्या आगीतून ८१ कोटी ते २५७ कोटी टन कार्बन हवेत गेला, असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे. १९९९ साली योजना गुंडाळावी लागली, पण कालवे राहिले. २०१५ मध्ये पुन्हा मोठ्या आगी लागल्या आणि धुरामुळे सुमात्रा व कालिमंतानमध्ये शाळा बंद ठेवाव्या लागल्या.

२०१६ साली इंडोनेशियाच्या उलेमा परिषदेने फतवा काढला, की नुकसान करणारी जंगलाची व जमिनीची जाळपोळ हराम आहे. त्याच वर्षी सरकारने पीटभूमीच्या पुनरुज्जीवनासाठी स्वतंत्र यंत्रणा नेमली. कालव्यांना बांध घालून पाणी पुन्हा जमिनीत जिरवण्याचे काम हाती घेण्यात आले.

पालकहो, येथे माझे सांगणे आहे. आग लावू नका, हे उलेमांनी सांगितले. परंतु बांध कोठे घालावा, पाण्याची पातळी किती ठेवावी, हे मोजायला मृदाशास्त्र आणि जलशास्त्र शिकलेला माणूस लागतो. दीनी तालीम आणि दुनियावी इल्म यांची अशी सांगड आहे. मुलगा वा मुलगी डॉक्टर-इंजिनियर व्हावी, ही आपली इच्छा रास्त आहे; पण एखाद्याला माती-पाण्याचा अभ्यास करावासा वाटला, तर त्याला कमी लेखू नका. आपल्या राज्यातील कृषी विद्यापीठांत हे विषय शिकवले जातात.

विद्यार्थी मित्रांनो, निरुपयोगी दिसणारी जमीन हजारो वर्षांची अमानत असू शकते. तिला हात लावण्याआधी तिची ओळख करून घ्या. अल्लाह आपणा सर्वांना तशी समज देवो. आमीन.