वाळूवरची रेघ आणि दप्तरातील कागद



सीमेचे रक्षण सैन्य करते, हे सर्वश्रुत आहे. परंतु ती सीमा मुळात कोठून जाते, हा प्रश्न जेव्हा उभा राहतो, तेव्हा उत्तर शोधावे लागते ते दप्तरात. आणि तेथे पुष्कळदा एखाद्या दूरच्या ठाण्यावरील अधिकाऱ्याने कधीकाळी लिहिलेला साधा अहवालच निर्णायक ठरतो. कुवेत, इराक आणि नज्द, म्हणजेच पुढील काळातील सौदी अरेबिया, या अरब शेजाऱ्यांच्या सीमांचा इतिहास याची साक्ष देतो.

इराणच्या आखातावर ब्रिटिशांची जी नजर होती, तिचा कारभार प्रामुख्याने हिंदुस्थानातून चाले. बुशहर येथील रेसिडेंट १८७३ पर्यंत मुंबई सरकारच्या हाताखाली होता, त्यानंतर तो हिंदुस्थान सरकारकडे गेला. मुंबई सरकारने आपल्या दप्तरातील आखातविषयक निवडक कागदांचा एक जाडजूड ग्रंथ १८५६ साली मुंबईतच छापला होता. १८९९ मध्ये कुवेतचा शेख मुबारक याच्याशी गुप्त करार झाला आणि १९०४ मध्ये तेथे पोलिटिकल एजंट जाऊन बसला. कोणती टोळी कोणत्या विहिरीवर उतरली, कोणाचे उंट कोणी पळवले, नज्दहून कोण आले, बाजारात काय बोलले जाते, या साऱ्याची तो नोंद ठेवी. व्यापारी, उंटांच्या तांड्यांबरोबर येणारे वाटसरू आणि टोळीप्रमुख हे त्याचे बातमीदार. अशाच माहितीच्या संकलनातून लॉरिमर या अधिकाऱ्याचे आखाताचे गॅझेटियर तयार झाले. त्याचा भूगोलाचा खंड १९०८ मध्ये आणि इतिहासाचा १९१५ मध्ये कलकत्त्यात छापला गेला. तो केवळ सरकारी उपयोगासाठी होता. ज्यांच्या भूमीचे हे वर्णन, त्यांना कित्येक दशके ते पाहावयासही मिळाले नाही.

या माहितीचे रूपांतर सीमेत कसे झाले? १९२० च्या ऑक्टोबरात नज्दच्या इखवान योद्ध्यांनी फैसल अल-दुवैश याच्या नेतृत्वाखाली कुवेतजवळच्या जाहरा गावावर हल्ला चढवला. कुवेतींनी तेथील लाल किल्ला लढवला, ब्रिटिश युद्धनौका आणि विमाने धावून आली आणि हल्लेखोर परतले. हा तंटा कायमचा मिटवण्यासाठी १९२२ च्या अखेरीस उकैर बंदरात परिषद भरली. अध्यक्षस्थानी होता इराकमधील ब्रिटिश उच्चायुक्त सर पर्सी कॉक्स. त्याने पूर्वी अनेक वर्षे बुशहरचा रेसिडेंट म्हणून काम केले होते. म्हणजे आखातातील अहवाल ज्या मेजावर येत, त्या मेजामागे तो स्वतः बसलेला होता.

नज्दचा सुलतान इब्न सौद याचे म्हणणे असे की, वाळवंटात हद्द टोळीची असते. आपली टोळी जेथे चरते, ती आपली भूमी. कॉक्सला नकाशावर रेघ हवी होती, आणि अखेर त्यानेच ती ओढली. दोन डिसेंबर रोजी करार झाला. १९१३ च्या इंग्रज-तुर्क मसुद्यात कुवेतकडे दाखवलेल्या प्रदेशापैकी सुमारे दोन तृतीयांश भाग नज्दला गेला. कुवेतचा शेख अहमद परिषदेस उपस्थितच नव्हता. त्याच्या वतीने ब्रिटिश एजंट मेजर मोर बसला होता. चराईवरून पुन्हा तंटे नकोत म्हणून दोन तटस्थ पट्टेही आखले गेले.

या परिषदेची सर्वांत प्रसिद्ध हकीकत डिक्सन या अधिकाऱ्याने लिहिली. कॉक्सने इब्न सौदला खोडकर विद्यार्थ्याप्रमाणे दटावले आणि तांबडी पेन्सिल घेऊन सीमा आखली, असे चित्र त्याने रंगवले. त्याचा ग्रंथ प्रसिद्ध झाला १९५६ साली, म्हणजे घटनेनंतर चौतीस वर्षांनी. तरीही ग्रंथामागून ग्रंथ हेच चित्र पुढे नेत राहिले. अहवाल लिहिणारा केवळ बातमी देत नाही. पुढच्या पिढ्यांनी काय पाहावे, हेही तोच ठरवतो.

रेघ ओढली म्हणून वाळवंट शांत झाले नाही. इराकने बुसैया येथे पोलीस ठाणे बांधावयास घेतले. बगदादच्या दृष्टीने तो बंदोबस्त होता. नज्दच्या दृष्टीने मात्र सीमेजवळच्या विहिरींवर गढी न बांधण्याच्या उकैरच्या वचनाचा भंग होता. नोव्हेंबर १९२७ मध्ये इखवानांनी ठाण्यावर हल्ला करून तेथील पोलीस व कामगार यांची कत्तल केली. घटना एकच, परंतु एका बाजूच्या कागदात ती रानटी लूट ठरली आणि दुसऱ्या बाजूच्या तक्रारीत वचनभंगाचे फळ.

इराक आणि कुवेत यांची सीमा तर शब्दांतच अडकून पडली. कॉक्सच्या १९२३ च्या पत्रात आणि १९३२ च्या पत्रव्यवहारात ती सफवानच्या विहिरींच्या किंचित दक्षिणेकडून जाते, असे होते. किंचित म्हणजे किती? तेथे एक पाटी उभारली होती. ती १९३९ मध्ये इराकने काढली. १९४० मध्ये एजंटाने पुन्हा लावली, तेव्हा ती आमच्या हद्दीत आली, असा इराकचा आक्षेप. वाद तसाच राहिला.

२ ऑगस्ट १९९० रोजी सद्दाम हुसेनचे सैन्य कुवेतमध्ये घुसले. युद्धानंतर संयुक्त राष्ट्रांच्या आयोगाला तो जुना पत्रव्यवहार, जुने नकाशे आणि त्या हरवलेल्या पाटीविषयीच्या नोंदी उकलाव्या लागल्या. जुन्या जकात नाक्याच्या आवाराच्या भिंतीपासून १४३० मीटर, असे अंतर अखेर ठरले. १९९३ मध्ये सुरक्षा परिषदेने या सीमेवर शिक्कामोर्तब केले आणि १९९४ मध्ये इराकने ती मान्य केली. सत्तर वर्षांपूर्वीच्या एका लाकडी पाटीची किंमत दोन राष्ट्रांना तेव्हा कळली.

यातून घ्यावयाचा बोध स्पष्ट आहे. अरबांजवळ विहिरींची, चराईची आणि पूर्वजांच्या पराक्रमाची स्मृती होती. लेखी नोंद मात्र परक्यांची होती. न्याय मागण्याची वेळ आली तेव्हा स्मृती मागे पडली आणि कागद बोलू लागला. त्या कागदात कष्टपूर्वक मिळवलेली माहिती आहे, तसाच लिहिणाऱ्याचा स्वार्थ आणि पूर्वग्रहही आहे. म्हणून तो फेकून देणे जितके अविचाराचे, तितकेच त्यावर डोळे मिटून विश्वास ठेवणे घातक. कोणी लिहिले, कोणासाठी लिहिले, कोणाच्या तोंडून ऐकून लिहिले, हे तीन प्रश्न विचारूनच तो वाचला पाहिजे. आणि ज्या समाजाला आपल्या भूमीविषयी शेवटचा शब्द आपलाच असावा असे वाटते, त्याने आपले दप्तर आपल्याच हातांनी लिहिले पाहिजे आणि जपलेही पाहिजे.