सीएनसी लेथ : कोडची दिशा आणि कामगाराची जबाबदारी
(कामगार अभ्यासवर्गातील भाषण)



सीएनसी लेथ आले की टर्नरच्या हातातली चाके जातात आणि समोर अक्षरे-आकडे उभे राहतात. ते आपल्याला वाचता आले नाहीत, तर कसब आपले आणि हुकूम दुसऱ्याचा, अशी गत होते. म्हणून आज आपण दोनच गोष्टी समजून घेऊ : प्लेनची निवड आणि ड्रिलिंगची सायकल.

टपाल खात्यातील साथींना हे लवकर पटेल. एकाच नावाची गावे देशात अनेक. १९७२ साली पिन कोड आला आणि पत्राची वाट आकड्यांनी ठरू लागली. प्लेनचा कोडही असाच वाट ठरवतो. जी१७ म्हणजे एक्स-वाय, जी१८ म्हणजे झेड-एक्स, जी१९ म्हणजे वाय-झेड. लेथचे नेहमीचे काम एक्स आणि झेड या अक्षांवर चालते, म्हणून तेथे जी१८ हे नेहमीचे प्लेन.

घोटाळा होतो भोक पाडताना. लिनक्ससीएनसी या प्रणालीत जी८१, जी८३ या सायकली निवडलेल्या प्लेनशी काटकोनात ड्रिल चालवतात. जी१८ तसाच ठेवला तर ड्रिलची दिशा वाय ठरते, आणि साध्या लेथला तो अक्षच नाही! तेव्हा आधी जी१७ द्यायचा, भोक झाल्यावर जी८० देऊन सायकल रद्द करायची आणि जी१८वर परतायचे. नाहीतर पुढच्या जी२-जी३च्या गोलाईचे प्लेन चुकते.

फानुकच्या लेथवर रीत निराळी. तेथे जी८३ जॉबच्या तोंडातून झेड दिशेने, तर जी८७ बाजूने एक्स दिशेने भोक पाडतो. जी७४ टप्प्याटप्प्याने खोल भोक पाडतो. पण फानुकच्याच मिलिंग मशीनवर जी७४ म्हणजे डाव्या आट्याचे टॅपिंग. कोड एक, अर्थ दोन.

एका मशीनचा प्रोग्रॅम दुसऱ्यावर तसाच चढवला तर ड्रिल मोडते, जॉब वाया जातो, प्रसंगी माणूस जखमी होतो. आणि चार्जशीट मात्र ऑपरेटरच्या हाती पडते. म्हणून आमचे मागणे साधे आहे. प्रत्येक मशीनची पुस्तिका कामगाराला समजेल अशा भाषेत मशीनजवळच असावी. नवा प्रोग्रॅम आधी जॉब न लावता, एकेक ओळ चालवून तपासायला वेळ मिळावा आणि तो इन्सेन्टिव्हच्या हिशेबात धरावा. प्रशिक्षण ड्युटीच्या वेळेत व्हावे.

यंत्राला आपला विरोध नाही. पण जबाबदारी आमची, तर ज्ञानही आमच्या हाती हवे!